टर्बो थंड होईपर्यंत

शिवडीच्या सिग्नलला शेजारच्या ट्रकच्या धुराचा वास गाडीत शिरला आणि मला बाबांची जीप आठवली.

तिच्या जुन्या डिझेल इंजिनाला त्यांनी हौसेने टर्बो बसवून घेतला होता. "इंजिनाला हवा जास्त मिळते. पाय हलका ठेवला तर डिझेल वाचतं, दाबला तर गाडी नुसती ढोसते," असं ते भेटेल त्याला सांगायचे. संध्याकाळी काळाचौकीला आमच्या चाळीखाली जीप थांबली, की मी धावत जाऊन त्यांच्या शेजारी बसायचे. इंजिन चालूच असायचं. थरथरणाऱ्या गिअरवर माझा तळहात ठेवून बाबा डोळे मिटायचे.

गॅलरीतून आई ओरडायची, "अहो, बंद करा की! डिझेल वाचवायला बसवलात ना तो टर्बो?"

"तापलाय गं. जरा थंड होऊ दे."

त्याला एखादं मिनिट पुरतं, हे मला फार पुढे कळलं. आम्ही तर कितीतरी वेळ बसायचो.

आज घरी पोचून बिल्डिंगखाली गाडी लावली, तरी इंजिन बंद करवेना. शेजारी बसलेली लेक म्हणाली, "आई, बंद कर ना, पेट्रोल जळतंय."

"टर्बो तापलाय," मी म्हणाले.

माझ्या गाडीला टर्बो नाहीच.