खोल तळाची नाव

भिमाजी वडगाव रासाईला परतला तो सत्तर साली. सोबत पत्र्याची पेटी, हत्यारांची पिशवी आणि एक इंग्रजी मासिक. माझगावात बोटी बांधणाऱ्या एका कारखान्यात त्याची अठरा वर्षं गेली होती. बायको दगडाबाई तिथंच वारली. मूलबाळ नव्हतं. बौद्धवस्तीच्या टोकाला बापाचं पडकं घर होतं, त्यावर पत्रे टाकून तो एकटा राहू लागला. चौकटी, खाटा, बैलगाडीचं जू असली कामं करायचा. कुणी काम द्यायचं, कुणी नाही.

मुंबईत केलेलं काम मात्र गावात कुणाला सांगून कळण्यासारखं नव्हतं. शर्यतीच्या जुन्या मोटारबोटींचा तळ पुढं टोकदार असे आणि मागं सपाट होत जाई. संथ पाण्यात त्या छान पळत. उघड्या समुद्रात मात्र सपाट तळ लाटेवर असा आपटे की आतल्या माणसांचे मणके हलत. मग अमेरिकेत कुणीतरी पुढची ती धार तशीच मागच्या टोकापर्यंत नेली. साठ साली खवळलेल्या समुद्रातली शर्यत तशा लाकडी बोटीनं मारली आणि सगळ्या जगातले आराखडे बदलले. मुंबईच्या एका हौशी पारशी शेटजींनी तसा आराखडा मागवला होता. ती बोट भिमाजीनं बांधली. शेटजींनी खूश होऊन मासिक दिलं. त्यात लाटेवरून उडालेल्या बोटींचे फोटो होते, पूर्ण तळ हवेत.

पुढं फायबरच्या बोटी आल्या. एकदा साचा केला की त्यातून हव्या तेवढ्या काढाव्यात. सुतारांना एकेक करून निरोप मिळाला.

दौंडला दिलेली बहीण सोजराबाई एकदा आली, तेव्हा त्यानं तिला ते फोटो दाखवले, शर्यत दोनशे मैलांची असते म्हणाला.

"दोनशे मैल जात्यात? आन् तिथनं काय आनत्यात?" तिनं विचारलं.

"काय न्हाई. पयला कोन येतो ते बघत्यात."

"एवढ्यापायी?"

भिमाजीनं मासिक परत पेटीत ठेवलं. पण जाताना सोजराबाईच म्हणाली, "आमच्यात मालधक्क्यावर मशिनींची खोकी मोडत्यात. फळ्या चांगल्या असत्यात, दादा. सरपनाला जात्यात निस्त्या."

त्या फळ्यांतून त्यानं नाव बांधायला घेतली. चौदा फुटी. फळ्या चिरून पातळ पट्ट्या काढायच्या, एक थर डावीकडं तिरपा, त्यावर दुसरा उजवीकडं तिरपा, मध्ये मुंबईहून आणलेला सरस. बहात्तरच्या दुष्काळात भीमेत नुसती वाळू उरली होती आणि हा माणूस दारात नाव बांधतोय, याचं लोकांना हसू यायचं. तो पहाटे उठायचा, काम करायचा, संध्याकाळी भाकरी थापायचा. कित्येक दिवस असे जात, की त्याच्या तोंडून शब्दही निघत नसे.

पंचाहत्तरच्या पावसाळ्यात नाव पाण्यात गेली. पलीकडं दौंडच्या बाजूला माणसं नेणारा हौसराव स्वतः बघायला आला. त्याची नाव जुनी, परातीसारखी सपाट. तो भिमाजीच्या नावेत चढला आणि नाव एकदम कलली. हौसराव खाली बसला, नावेच्या दोन्ही कडा धरून.

"भिमाजी, काम झ्याक हाय," तो उतरल्यावर म्हणाला. "पर ही उभी ऱ्हात न्हाई. मान्सं भ्यायची."

"पळाया लागली म्हंजी ऱ्हाती उभी."

"बांबूनं किती पळंल?"

हौसरावाचं खरंच होतं. हा तळ वेगावरच स्थिरावतो आणि वेगाला इंजिन लागतं. हे भिमाजीला बांधतानाही ठाऊक होतं. पण त्याला बांधायची होती ती हीच नाव. त्यानं ती ओढून दारात पालथी घातली. वर्षभर कोंबड्या तिच्या सावलीला बसल्या.

शहात्तर साली घोड नदीच्या धरणावर क्वार्टरची दारं-खिडक्या दुरुस्त करायचं काम त्याला मिळालं. शेडमध्ये एका लाकडी घोडीवर चाळीस हॉर्सपॉवरचं, बोटीच्या पाठीला लावायचं इंजिन टांगलेलं होतं. इंजिन आलं होतं, बोट अजून यायची होती. भिमाजीनं झाकण उघडून आत पाहिलं आणि तिथला तरुण ओव्हरसिअर सर्जेराव याला विचारलं, "साहेब, माझ्याकडं बोट हाय. एक डाव लावून बघू का?"

सर्जेरावानं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि होकार दिला. आठवड्यानं बैलगाडीतून नाव आली.

दुपारचा वारा सुटला होता. धरणाचं पाणी हातभर लाटांनी उसळत होतं. सर्जेराव पुढं बसला, भिमाजी मागं इंजिनापाशी. आधी नाव डगमगली. मग त्यानं वेगासाठी इंजिनाचा दांडा पिळला, नाक वर उठलं, हळूहळू खाली आलं आणि नाव पाण्यावर चढली. लाट येई, तळाची धार तिला चिरून जाई. आपटणं नाही, हादरा नाही. वळणावर ती आत झुकली आणि रुळावर असल्यासारखी फिरली. पलीकडचा काठ भराभर जवळ आला. भिमाजीचे डोळे वाऱ्यानं वाहत होते. त्यानं ते पुसले नाहीत.

काठाला लागल्यावर सर्जेराव म्हणाला, "आबा, हे शिकलात कुठं?"

मग भिमाजी बोलला. शेटजी, तळाची धार, लाकडाचे थर, फायबरचे साचे, सहा वर्षांत जे कुणापाशी बोलला नव्हता ते सगळं. सर्जेराव मधेमधे प्रश्न विचारत ऐकत राहिला. नाव धरणावरच ठेवायची ठरली. महिन्यातून एकदा सांधे बघायला म्हणून भिमाजी यायचा. त्या दिवशी दोघं पाण्यावर जायचे, नंतर चहा प्यायचे.

पाच-सहा महिन्यांनी सर्जेरावाची विदर्भात बदली झाली. भिमाजीला ते कळलं ते पुढच्या फेरीला. नवे साहेब त्याला ओळखत नव्हते. मंजूर झालेली बोटही आली होती. फायबरची, पांढरी. भिमाजी तिच्याखाली वाकला आणि तळावरून हात फिरवत मागच्या टोकापर्यंत गेला. धार शेवटपर्यंत होती, तशीच.

"तुमची लाकडी कधी नेताय?" साहेबांनी विचारलं.

"बघतो. गाडी मिळाली की."

शिरूरला त्यानं परतीची एसटी धरली. शेजारी बसलेल्या शेतकऱ्यानं विचारलं, कुठं गेला होतात.

"धरनावर. सुतारकाम असतं."

त्या माणसानं मान हलवली आणि कांद्याच्या रोपांविषयी बोलायला लागला. न्हावऱ्याचा थांबा येईपर्यंत भिमाजी त्याला हूं हूं करत राहिला.