घासून लख्ख केलेली काहील

गेली सहा वर्षं माझा प्रत्येक रविवार पाण्यात गेला. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, मला वाटत नाही. आठवडाभर शाहूपुरीतल्या दुकानात उभं राहून बेअरिंगं आणि पट्टे विकायचे, पाय सुजवून घरी यायचं आणि रविवारी पहाटे बहिणीच्या गावाला स्कूटर हाणायची. तिथं भोगावतीच्या काठावर दाजी पिशवी घेऊन उभे असायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना गळ टाकायचा नाद, आणि त्यांच्या नावेत एकट्याला बसून चालत नाही. म्हणून मी.

नाव कसली, काहील ती. गुऱ्हाळात उसाचा रस जिच्यात कढवतात ती लोखंडी कढई, चार माणसं गोल बसतील एवढी. आमच्याकडं महापुरात काहिलीच होड्या होतात, त्यामुळं त्याचं कुणाला नवल नाही. दाजी तीस वर्षं गुळव्या होते. पाक कधी उतरवायचा ते त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. गुऱ्हाळ बंद पडलं, मालकानं काहील भंगारात काढली, ती दाजींनी बैलगाडीत घालून घरी आणली. बहीण म्हणाली, गूळ गेला आणि कढई आली.

काहिलीत समोरासमोर बसायचं आणि मासा लागला तरी उभं राहायचं नाही. एकट्यानंच वल्हं मारलं तर ती जात्यासारखी जागच्या जागी फिरते, म्हणून दोघांनी दोन बाजूंनी मारायचं. डोहाजवळ पोचलं की दोरीला बांधलेला दगड पाण्यात सोडायचा. गळाला शेंगपेंड आणि कणीक, त्यात जराशी काकवी घालून मळलेली. ती गोळी बोटाला चिकटता कामा नये आणि पाण्यात लगेच सुटताही कामा नये. चुलवाणावरचा पाक गार पाण्यात टाकून दाजी जसा बोटांनी बघायचे, तशीच ही गोळी बघायचे. मी मळलेली त्यांना एकदाही पसंत पडली नाही. मग तंगूस, म्हणजे गळाची बारीक दोरी, बोटावर धरून गप्प बसायचं. चिलापी टुकटुक करते, रोहू एकदम ओढतो. हे सगळं मी शिकलो, पण आवडीनं नाही. दर रविवारी मनात एकच यायचं, हे कधी संपणार.

वैशाखात काहिलीची सेवा असायची. काठालगतच दाजींच्या अंगणात तीन दगडांवर ती पालथी घालायची आणि पत्र्याच्या सांध्यांवर, पत्रे जोडणाऱ्या रिबिटांच्या डोक्यांवर गरम डांबर लावायचं. दरवर्षी आधीच्या थरावर नवा थर. काहिलीचं बूड खरूज झालेल्या म्हशीसारखं दिसायचं. बहीण त्यावर मिरच्या वाळत घालायची आणि दाजींची बोलणी खायची. आत पाणी साचू द्यायचं नाही आणि बुडाला खरवडायचं नाही, असं दाजी दरवर्षी बजावायचे. मी कधी कान देऊन ऐकलं नाही.

दिवाळी झाली आणि दाजींना झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. तीन आठवडे दवाखान्यात होते. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी हात उचला म्हणायची आणि हे भिंतीकडं बघत पडायचे. एकदा वैतागून मीच म्हणालो की काहिलीत वल्हं मारायचं असेल तर उचला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हात वीतभर उचलला. त्या दिवसापासून आम्हाला दुसरा उपाय उरला नाही. जेवत नाहीत, काढ काहिलीचं नाव. चालत नाहीत, काढ काहील. उन्हाळ्यापर्यंत एकदा पाण्यावर जायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी तो माणूस रोज भिंतीला धरून दहा पावलं टाकत होता. आणि काहील तयार ठेवायचं काम माझ्याकडं होतं.

माझ्या मनात चोर होता. मला हे रविवार नको झाले होते, आणि त्याची भरपाई म्हणून काहील अशी करायची की दाजींनी बघत राहावं, असं मी ठरवलं. ओळखीच्या वेल्डरला गावात घेऊन गेलो. त्याला म्हटलं, सगळं डांबर काढ, रिबिटांची वर आलेली डोकी ग्राइंडरनं सपाट कर. तो एकदा म्हणाला की राहू दे ती डोकी. मी त्याला गप्प केलं. आतून-बाहेरून रेड ऑक्साइड लावला, वर निळा रंग. लग्नातल्या आहेरासारखी चकचकीत झाली. पाण्यात घालून बघायचं मात्र मला सुचलं नाही. वर्षानुवर्षं त्या डांबरानं आणि रिबिटांच्या डोक्यांनीच पाणी अडवलं होतं, हे चार दिवस लोखंडाच्या दुकानात काम केलेल्या माणसालाही कळलं असतं. मी तर जन्म घालवलाय.

चैत्रातल्या एका रविवारी आम्ही निघालो. बहिणीनं आणि मी दाजींना धरून काहिलीत बसवलं. काठाजवळच, कमरेएवढ्या पाण्यात. दोरीचं टोक बहिणीच्या हातात. दाजींनी निळ्या रंगावरून उजवा हात फिरवला. मला वाटलं, आवडलं. पेंड मी मळली होती. त्यांनी गोळी दाबून बघितली आणि तीही चालवून घेतली. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

अर्धा तास गेला असेल. दाजी उजव्या हाताच्या बोटावर तंगूस धरून बसले होते, चेहरा कितीतरी महिन्यांनी सैल पडला होता. मी खाली बघितलं. त्यांच्या बाजूच्या सांध्यातून पाणी येत होतं. दाजी वजनाला जड, त्यामुळं काहील तिकडं झुकलेली आणि पाणीही तिकडंच साचलेलं. त्यांचा डावा पाय घोट्यापर्यंत पाण्यात होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. पाकाचा एक थेंब बोटांत धरून सगळ्या काहिलीचा अंदाज सांगणारा हा माणूस. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी आवाज न करता डब्यानं पाणी उपसायला लागलो. तिसऱ्या डब्याला त्यांनी खाली बघितलं. मग पायावरून नजर पाझरणाऱ्या सांध्याकडं नेली.

"पावणं, रिबिटं घासलासा व्हय?"

"व्हय दाजी. चुकलं माझं."

"ते ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पाय माझाच हाय न्हवं तो?"

मी डबा खाली ठेवला. बहिणीला खूण केली, तिनं दोरी ओढली. आम्ही दोघांनी त्यांना काठावरच्या दगडावर बसवलं. मी खांद्यावरच्या टॉवेलानं त्यांचा पाय पुसला, बोटांच्या बेचक्यांतूनही पुसला. ते नदीकडं बघत होते. पुसून झालं, चप्पल घातली, तरी त्यांनी विचारलं, "पुसतायसा न्हवं?"

मी म्हणालो, पुसतोय. आणि पुन्हा चप्पल काढून पुसत बसलो.

मग ते म्हणाले, "पालथी घाला ती आता. बास झालं."

सहा वर्षं मी ह्याच बोलण्याची वाट बघत होतो. स्कूटर नाही, पहाट नाही, पेंडीचा वास नाही. रविवारी दुपारपर्यंत झोपता येईल. मी उठलो, बहिणीच्या मदतीनं काहील ओढून तीन दगडांवर पालथी घातली. निळा रंग उन्हात नुसता चमकत होता. कंबर भरून आली होती, घरी जाऊन पडावं एवढीच इच्छा होती.

"दाजी," मी म्हणालो, "डांबर कुठं ठेवलंय?"

त्यांनी उजव्या हातानं गोठ्याकडं बोट दाखवलं.