पुरुषाचं गाणं

सिल्वासात मला जपानी येतं म्हणून जो मान मिळतो, त्यावरूनच ओळखावं की इथं ते दुसऱ्या कुणाला येत नाही. टोकरखाड्यातल्या आमच्या कॉलनीत दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे मला ‘जापानीज मॅडम’ म्हणतात. माझे वडील कोकणातून इथं सरकारी नोकरीत आले आणि निवृत्त होईपर्यंत फायलींवर सह्या करत राहिले. त्यांना कुणी कसलाच मॅडम-साहेब केला नाही, त्यामुळे त्यांना माझा अभिमान जरा जास्तच. त्या भाषेच्या परीक्षांच्या पाच पायऱ्या असतात. मी पुण्याला राहून मधल्या पायरीपर्यंत पोचले आणि तिथंच सतरंजी अंथरून बसले. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच, पण आमच्या गावात पिवळ्या रंगाची पारख करणारा कुणी नव्हता.

सामरवरणीच्या एका कारखान्यात मी दुभाषी आहे. गाड्यांच्या आतल्या वायरी कापून, जोडून त्यांचे जुडगे बांधायचं काम तिथं चालतं. लायनीवर सगळ्या बायका, बऱ्याचशा धुळे-नंदुरबारकडच्या. लायनीच्या डोक्यावर सुपरवायझर, ते मात्र सगळे पुरुष. सकाळी जपानी पद्धतीप्रमाणे मैदानात सगळ्यांनी रांगेत उभं राहून हात वर-खाली करायचे, मग कामाला लागायचं. वर्षातून दोनदा मूळ कंपनीचे एक तांत्रिक सल्लागार येतात, साठीला टेकलेले, तोंडातल्या तोंडात बोलणारे. ते असले की माझी खुर्ची मॅनेजर साहेबांच्या शेजारी येते. ते गेले की मी पुन्हा स्टोअरच्या बाजूच्या टेबलावर.

दुभाषी म्हणजे शब्द इकडून तिकडे नेणारा, असं लोकांना वाटतं. आमच्याकडे दुभाषी म्हणजे भांडण होऊ न देणारा. सल्लागार म्हणणार, “हा भंगाराचा डबा मागच्या खेपेलाही इथंच होता, तुम्हाला डोळे आहेत की नाहीत?” मी साहेबांना सांगणार, “सर म्हणतात, डबा जरा हलवला तर बरं होईल.” साहेब मग तीन मिनिटं कारणं देणार, पाऊस, ट्रान्सपोर्ट, युनियन. त्याचं मी जपानीत एका वाक्यात करणार, “माफ करा, हलवतो.” दोन्ही बाजू खूश. मला ही कला वाटायची. आता तिला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे, पण सवय सुटलेली नाही.

जपानी शिकताना मला सगळ्यात भावली होती ती एक गोष्ट. आपल्याकडे ‘मी’ म्हणणारा बाप्या की बाई, हे पुढच्या क्रियापदापर्यंत कळत नाही. तिकडे ‘मी’च निरनिराळे. पोरांचा ‘बोकू’, दांडगटांचा ‘ओरे’, आणि सभ्य बायकांचा ‘वाताशी’. आमच्या शिक्षिका दोन वर्षं तिकडे राहून आलेल्या. तेव्हापासून त्यांचे हात मांडीवरून उठलेच नव्हते. त्यांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. वर्गातली एक मुलगी गंमत म्हणून ‘बोकू’ म्हणाली, तर तिला असं काही सुनावलं की ती पुढच्या आठवड्यापासून आलीच नाही. मी ती रेघ वहीत लाल शाईनं उतरवून घेतली. मराठीत माझी जीभ कात्रीसारखी चालते, पण जपानीत मी वाताशी, खालच्या मानेची, गोड आवाजाची. तसं पाहिलं असतं तर माझ्या आईनं पण मला ओळखलं नसतं.

आता आमच्या लायनीवरच्या एका मुलीचं. मुलगी म्हणायचं म्हणून, एरवी पंचविशीची बाई, तीन वर्षांच्या लेकीची आई. नंदुरबारकडची. नवरा अथालला पॅकिंगच्या कामाला. कारखान्याच्या वर्धापनदिनाच्या आदल्या खेपेला कॅन्टीनमध्ये बायकांनी सल्लागारांना गळ घातली की तुमच्या देशाचं गाणं ऐकवा. ते लाजले आणि मोबाईलवर एक लावलं. मी तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये चहा पीत होते. हिनं ते गाणं शोधून मोबाईलमध्ये घेतलं आणि कानांनी ऐकून ऐकून पाठ केलं. वहीत देवनागरीत लिहिलं, एका अक्षराचा अर्थ ठाऊक नसताना. लायनीवर वायरी जोडता जोडता गुणगुणायची. सल्लागार जायच्या दिवशी तिच्या मागे टोपी हातात धरून उभे राहिले होते आणि नंतर मला म्हणाले होते, “हिचा कान तयार आहे. असा कान असला की भाषा लवकर येते. ट्रेनिंगला अशी माणसं पाठवा.”

ट्रेनिंग म्हणजे सहा महिने जपानात, परत आलं की सुपरवायझर. दर वर्षी चार जण जात. चारही पोरं, चारही साहेबांनी निवडलेली. सल्लागारांचं म्हणणं मी तिच्यापर्यंत पोचवलं, तेवढं पुण्य माझ्या नावावर आहे. तिनं नवऱ्याला विचारलं, नवऱ्यानं आईला विचारलं, आणि सासू चक्क हो म्हणाली. “सासू येईन म्हने पोरीला सांभाळायला,” ती मला बाथरूमबाहेर गाठून म्हणाली. “मॅडम, कार्यक्रमात ते गानं म्हनलं तर मोठे सायेब पन ऐकतील ना?” वर्धापनदिनाला या वेळी मूळ कंपनीचे दोन बडे अधिकारी येणार होते. मी म्हटलं, “ऐकतील की.”

कार्यक्रम बसवायचा तो पर्सनलच्या साहेबांनी. नाशिककडचा माणूस, मिशा पिळदार, अक्कल बेताची. त्यांनी तिची वही माझ्यासमोर टाकली. “मॅडम, बघून घ्या, काही वाईट-साईट नाही ना. पाहुण्यांसमोर शोभा नको.”

मी वही उघडली. तिसऱ्याच ओळीत ‘बोकू’. पाचव्यात परत ‘बोकू’. मला काय आनंद झाला सांगू. पुण्यात भरलेल्या फीची कुणीतरी शेवटी पावती मागितली असं वाटलं. खोलीत पाच-सहा माणसं होती, डिस्पॅचचे ऑफिसर होते, अकाउंट्सवाले होते. मी चष्मा काढला, पुसला आणि लाल रेघेसकट सगळा फळा त्यांना ऐकवला. “हे पुरुषाचं गाणं आहे,” मी म्हणाले. “बाईनं हे म्हणणं बरं दिसणार नाही. जपानी लोकांना फार विचित्र वाटेल.”

गाणं मी ऐकलं नव्हतं. ऐकावं असं मनातही आलं नाही. कागदावर दिसतंय, मग कानाला कशाला तसदी?

“अरे बाप रे,” साहेब म्हणाले. “बरं झालं तुम्ही होतात. बाईनं बाप्याचं गाणं म्हटलं तर आपल्याकडे पण वाईटच दिसतं.”

हे म्हणणारे गृहस्थ दर गुरुवारी आमच्या कॉलनीच्या मंदिरात भजनाला बसतात. गौळण सुरू झाली की डोळे मिटून, मान वेळावून, यमुनेच्या वाटेवर माझी घागर फोडली, मला घरी जायला उशीर होतो, सासू रागवेल, अशी कृष्णाकडे लाडिक तक्रार करतात. मिशीसकट गवळण. पंधरा वर्षं मी ते ऐकतेय, प्रसादाचा शिरा खातेय, आणि त्या खोलीत बसून मला ते आठवलं नाही. आठवलं असतं तरी बोलले असते का, शंका आहे. फळा माझा होता ना.

मुलीला मीच बोलावून सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, “पन मॅडम, मोबाईलमध्ये तर बाईच म्हनते.”

“नक्कल करणारी असेल कुणीतरी. मूळ पुरुषाचंच असणार.”

“मी लावून दाखवू?”

“मला शिकवू नकोस,” मी म्हणाले. तिनं मोबाईल परत एप्रनच्या खिशात ठेवला आणि “बरं मॅडम” म्हणाली. आमच्या लायनीवर बायका वाद घालत नाहीत. सकाळी हात वर करायला सांगितले तर वर करतात, खाली करायला सांगितले तर खाली.

गाणं मात्र हवंच होतं, पाहुण्यांना कळवून झालेलं. मग ते डिस्पॅचच्या ऑफिसरांकडे गेलं. त्यांना प्रत्येक लग्नात माइक लागतो. नाचता येईना अंगण वाकडं, तसं यांना गाता आलं नाही की माइक खराब असतो. जपानी तर त्यांच्या दातात अडकायचं. तेव्हा साहेबांनी तोड काढली की मुलीनं ऑफिसरांना गाणं शिकवावं. तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत ती आपला डबा बाजूला ठेवून त्यांना एकेक ओळ म्हणून दाखवायची. ते खुर्चीत, ती उभी. “वो नहीं सर, थोडा ऊपर.” ते चिडायचे. ती पुन्हा म्हणायची. दारातून जाता-येता मला ते दिसायचं. मी जरा भरभर चालायचे.

वर्धापनदिनाला मैदानात मांडव होता. ऑफिसर टाय लावून, गॉगल घालून उभे राहिले आणि हात छातीवर ठेवून ते गाणं त्यांनी असं काही म्हटलं की साथीला आणलेल्या गरब्याच्या पेटीवाल्यालासुद्धा सूर सापडेना. बडे अधिकारी एका मापात टाळ्या वाजवत राहिले. मुलगी निळ्या साडीत चौथ्या रांगेत होती. तिचे ओठ हलत होते. सल्लागार टाळ्या वाजवता वाजवता मान वळवून बायकांच्या रांगा न्याहाळत होते, आणि ते कुणाला शोधतायत हे मला लगेच कळलं.

जेवायला मी सल्लागार आणि पर्सनलचे साहेब यांच्या मध्ये बसले होते. त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला आणि विचारलं, “ती लायनीवरची का नाही गायली?” मी काही बोलायच्या आत ते हसायला लागले. म्हणाले, ते गाणं तर एका बाईचंच आहे. तिकडे बायका गाण्यात सर्रास ‘बोकू’ म्हणतात. आणि म्हातारे गवई काळ्या सुटात उभे राहून बाईचा ‘मी’ लावून, सोडून गेलेल्या नवऱ्यासाठी रडतात. गाण्यात कोण बघतं, कोण कोणाचा ‘मी’ आहे ते. मग ते गंभीर झाले. “मी वरिष्ठांशी बोललोय. या वेळी एक बाई न्यायची आहे. तिला यायचंय का, हे तुमच्या साहेबांना विचारा.”

साहेबांनी पुरी तोंडात कोंबत मला विचारलं, “काय म्हणतायत?”

माझ्यापुढं सगळा पट स्वच्छ होता. विचारलं असतं तर साहेब म्हणाले असते, मॅडमच म्हणाल्या हे पुरुषाचं गाणं. ते मला जपानीत सांगावं लागलं असतं, आणि माझ्या विद्येचा फुगा भर पंगतीत फुटला असता. मुलीला जायचं होतं हे मला ठाऊक होतं. सासू गावाहून यायला तयार होती हेही ठाऊक होतं.

“म्हणतायत, जेवण फार छान झालंय,” मी साहेबांना म्हणाले.

मग सल्लागारांकडे वळले. हात मांडीवर ठेवले, मान खाली घातली. “वाताशी,” मी सुरुवात केली, “मला फार वाईट वाटतं. तिच्या घरी अडचण आहे. मूल लहान आहे, घरचे सोडत नाहीत. तिला येता येणार नाही.” त्या दिवशी माझ्या जपानीत एकही चूक झाली नाही.

त्यांनी जिलेबी खाली ठेवली. “अरेरे,” म्हणाले. यादीत पुन्हा चार पोरं गेली.

संध्याकाळी घरी येऊन मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं. कोवळा, मोकळा, बाईचा आवाज. कुणाची परवानगी न घेता म्हणत होती, बोकू, बोकू. मला स्वतःची किळस आली. वडील बाहेरच्या खोलीतून म्हणाले, “छान आहे गं, तुला सगळं कळतं का?” मी हो म्हणाले.

मुलीला मी काही सांगितलं नाही. ती मला अजून आपल्या बाजूची समजते. दिवाळीला तिनं सासूच्या हातची बिबड्यांची पिशवी आणून दिली, म्हणजे खानदेशी ज्वारीच्या पापडांची. “तुमी होत्या म्हनून निदान शिकवायला तरी बोलावलं मला,” म्हणाली. मी ते तळून खाल्ले. चवीला चांगले होते.

गेल्या आठवड्यात सकाळची कवायत झाल्यावर ती वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली. नवं गाणं होतं. सगळं देवनागरीत, गोल सुबक अक्षरात, आणि जिथं जिथं ‘वाताशी’ आलं होतं तिथं लाल पेनानं खूण. “मॅडम, या टायमाला आधीच विचारून घेते. हे बाईचंच आहे ना? शोधून शोधून बाईचंच आनलंय. ते सायेब आले ना, की त्यांच्यासमोर म्हनीन.”

सल्लागार निवृत्त झाल्याचं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. त्याचं भाषांतर मीच केलं होतं.

“हो,” मी म्हणाले. “हे बाईचंच आहे. नीट पाठ कर.”