हळदीचा दुसरा ठिपका

पुण्याहून शिरूरची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक जाड फाइल होती आणि फाइलीत कोऱ्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा. मी इंग्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय विकास या विषयाची पदवी घेते आहे. तिसरं, शेवटचं वर्ष. सांगलीला आमच्या गल्लीत ही पदवी अजून कुणाला पटलेली नाही. डॉक्टर होणार का, नाही. इंजिनिअर, नाही. मग एवढ्या लांब कशाला गेली, असं आईला अजून विचारतात. शेजारी बसलेल्या फेटेवाल्या मामांनी वाघोली मागे पडायच्या आत तेच विचारलं.

"विकास शिकायला तिकडं गेला, आन् बघायला हिकडं आला व्हय?"

"प्रबंध लिहायचाय, मामा. गावातली कुटुंबं एकत्र राहतात की वेगळी होतात, त्यावर."

"त्यात काय लिवायचं? भांडली की वेगळी व्हत्यात," ते म्हणाले आणि मान खिडकीला टेकवून झोपून गेले. प्रबंधाचा निष्कर्ष मला तिकिटाआधीच मिळाला होता. मी तो घेतला नाही.

डिसेंबरचे शेवटचे दिवस होते, आभाळ भरलेलं होतं आणि ऊन म्हणून काही नव्हतं. रांजणगावला शिफ्ट सुटली होती. कंपन्यांच्या बसची रांग, दुचाक्यांवर पाठीला डब्याच्या पिशव्या लावलेली माणसं, सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे. बस तिथे अर्धा तास अडकली. नोंदवहीत मी 'औद्योगिक श्रमाचा कुटुंबरचनेवर परिणाम' असं लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले. त्या दिवसांत मी स्वतःवर फार लवकर खूश व्हायचे.

शिरूरला मी आईच्या जुन्या मैत्रिणीकडे उतरले. त्या निवृत्त शिक्षिका, मिशनच्या आवारात एकट्या राहतात. सगळं शिरूर त्यांना नुसतं 'टीचर' म्हणतं, म्हणून मीही म्हणते. पडवीत नाताळची चांदणी अजून टांगलेली होती, आतला दिवा मात्र गेलेला. टीचरनी फराळाच्या डब्यातल्या करंज्या पुढे ठेवल्या, पिठलं-भाकरी केली आणि मग माझा कार्यक्रम ऐकला. घोडनदीकाठच्या एका गावात आठ दिवस राहायचं. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) शेवटच्या दिवशी बायकांना एकत्र बसवून अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा. प्रत्येक घराला एक चौकोन, घरातल्या माणसांइतके शेंगदाणे आणि प्रत्येक चुलीला हळदीचा एक ठिपका. एका चुलीवर जेवतं ते एक कुटुंब. आम्हाला ही पद्धत दुसऱ्या वर्षी शिकवली होती. गावानं स्वतःचं चित्र स्वतः काढायचं, बाहेरच्यानं फक्त बघायचं.

"घरोघरी मातीच्या चुली," टीचर म्हणाल्या. "त्या मोजायला इंग्लंडहून यावं लागतं होय?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "एक ऐक. घरातलं काही विचारायचं तर घरात बसून विचार. अंगणात नको. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाळ."

मला वाटलं, जुन्या वळणाच्या आहेत.

दुसऱ्या दिवशी गावाकडे जाताना वाट वाकडी करून इनामगावला गेले. तिथे ताम्रयुगातल्या लोकांची वस्ती उत्खननात सापडली आहे, हे शाळेत शिकले होते. प्रत्यक्षात पाहायला पांढरीचं टेकाड (जुन्या वस्तीच्या मातीचा उंचवटा), बाभळी आणि खाली संथ नदी. जवळच्या रानात शेवंती तोडणाऱ्या एका बाईंनी कमरेवर हात ठेवून मला निरखलं.

"हितं काय न्हाई आता. खनलं, मोजलं आन् बुजवलं. चुली घावल्या व्हत्या म्हने."

"चुली?"

"व्हय. घर तितं चूल आसनारच की."

इतक्या जुन्या माणसांची घरंही चुलीवरून ओळखतात म्हटल्यावर माझ्या ठिपक्यांना केवढा आधार मिळाला! त्या माणसांची अब्रू जायला त्यांच्यातलं कुणी उरलं नव्हतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

गावात माझी सोय शाळेच्या एका खोलीत झाली आणि ती करून दिली गावातल्या एका जाणत्या म्हाताऱ्यानं, आबांनी. पंच्याहत्तरी ओलांडलेले, ताठ, धोतर स्वच्छ. बायको जाऊन तीन वर्षं झालेली. मुलगा आणि सून मंगल, दोघेही रांजणगावला कंपनीत, वेगवेगळ्या शिफ्टला. गावात भावाभावांची वाटणीवरून कुरबुर झाली की दोघंही आबांकडे येत. ते दोघांना समोरासमोर बसवून एका ताटात जेवायला लावत, अशी त्यांची रीत. पहिल्याच सकाळी त्यांनी मला सगळं गाव फिरवलं. फुलांची रानं, फ्लॉवरचे वाफे, नदीवरचे पंप.

"ते घर बघा, ताई. दोन भाऊ हायेत, कुऱ्हाड काढली व्हती एकमेकांवर. आज एका चुलीवर जेवत्यात. आशी चार घरं म्या राखली. वाटनी रानाची करा म्हनतो, चुलीची करू नका."

"आणि तुमचं घर, आबा?"

"आमचं एकच खटलं," ते म्हणाले. खटलं म्हणजे मोठं एकत्र कुटुंब. हे सांगताना ते चालता चालता थांबले होते, ते मला आता आठवतं.

रोज पहाटे मी नदीकडे चालायला जायची. चौथ्या दिवशी परतताना आबांच्या गोठ्यामागे धूर दिसला. तीन दगडांवर भगुलं, शेजारी पिठाचा डबा, परातीत अर्धवट थापलेली भाकरी. आबा उकिडवे बसून फुंकणीनं जाळ करत होते. मला पाहून जरा दचकले, मग म्हणाले, "या, च्या घ्या." मी तिथेच लाकडाच्या ओंडक्यावर बसून गुळाचा चहा प्याले. त्यांनी थापलेली भाकरी एका बाजूला जाड होती आणि कडेला फाटलेली.

"सूनबाई पाचच्या गाडीनं जाती," विचारलं नसताना त्यांनी सांगितलं. "भाकरी टाकून जाती, पर मला गार गिळवत न्हाई. आसं आपलं कवा कवा."

कवा कवा नव्हतं. दगड पार काळे झाले होते आणि मागच्या भिंतीवर काजळीचा माणूसभर पट्टा उठला होता. हे सगळं मी पाहिलं, आणि पाहिलं म्हणून मला आनंद झाला, ही कबुली इथे द्यायलाच हवी. घरातल्या घरात वेगळी झालेली चूल! प्रबंधात असं एक तरी उदाहरण हवंच होतं.

नकाशाचा दिवस मंगलच्या सुट्टीचा होता. शाळेच्या अंगणात बायका जमल्या, कडेला झाडाखाली पुरुष उभे राहिले, आबांना कुणीतरी खुर्ची दिली. काम रंगलं. नदी निळ्या रांगोळीनं वाहिली, देऊळ, विहीर, मग घरं. शेंगदाणे मांडताना हशा पिकत होता, कुणी म्हातारीला विसरलं म्हणून ओरडा होत होता. ठिपक्यांची पाळी आली. एकेक बाई चिमटीत हळद घेऊन आपल्या चौकोनात ठेवू लागली.

मंगलनं एक ठिपका ठेवला आणि मागे सरली. तिच्या शेजारणीनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्या चौकोनाकडे वळली. सगळ्यांनाच वळायचं होतं.

मी म्हणाले, "मंगलताई, एक राहिला ना? गोठ्यामागे आबांची चूल आहे. मी तिथंच चहा प्यालेय." आणि कुणी काही बोलायच्या आत वाकून माझ्या बोटानं दुसरा ठिपका ठेवला.

बाहेरच्यानं फक्त बघायचं, असं मला शिकवलं होतं.

मंगलनं पदर तोंडाला लावला. आबा खुर्चीत तसेच बसून होते, नकाशाकडे बघत, जणू दुसऱ्याच कुणाचं गाव आहे. गावाला ती चूल माहीत नव्हती असं नाही. धूर काय लपतो? पण माहीत असणं वेगळं आणि भर अंगणात मांडणं वेगळं, हे एवढं साधं शहाणपण माझ्या तीन वर्षांच्या अभ्यासात कुठे बसलं नव्हतं. मी खाली वाकून नकाशाचा फोटो काढला. त्यातही सावली पडू नये म्हणून दोनदा.

जाताना मंगल माझ्याशेजारी थांबली. "ताई, ती चूल त्येंनीच मांडली. म्या हात जोडलं व्हतं, नका मांडू म्हनून. आता गाव म्हननार, सासऱ्याला वेगळं टाकलं. तुमी उद्या जाल. मला हितंच ऱ्हायचंय."



दुसऱ्या सकाळी सामान बांधत होते तेव्हा बाहेर गलका झाला. कुऱ्हाड निघूनही आबांनी एकत्र राखलेल्या त्याच घरात पुन्हा भांडण पेटलं होतं. आबा सवयीनं गेले, दोघांना बसा म्हणाले. थोरला भाऊ म्हणे सगळ्यांसमोर बोलला, "आबा, आधी गोठ्यामागं बघा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण!" हसलं कुणी नाही, पण अडवलंही कुणी नाही. आबा घरी आले, पिशवीत दोन धोतरं घातली आणि दुपारच्या गाडीनं दौंडला लेकीकडे गेले. मी रस्त्यावर पोचले तोवर गाडी गेली होती.

मी शिरूरला टीचरकडे परतले आणि सगळं सांगितलं. मी तुला म्हटलं होतं, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, हे जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "दौंड काही लांब नाही."

वरातीमागून घोडं, तसा चार दिवसांनी माझा दौंडचा प्रवास. न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून हायवेच्या बसनं पाटस, पाटसला पुन्हा गाडी बदलायची. गाळपाचा हंगाम जोरात होता. उसाच्या ट्रॉल्यांमागे आमची बस रांगत होती आणि मळीचा (साखर काढून उरणाऱ्या पाकाचा) आंबूस वास कपड्यांत बसत होता. पाटसच्या थांब्यावर भजी घेतली, एक खाल्लं आणि बाकीची पुडी कुत्र्याला घातली. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. जुळवलेलं सगळं इंग्रजी प्रश्नावलीसारखं वाटत होतं.

आबांची लेक सुनंदाताई रेल्वेच्या वसाहतीजवळ दोन खोल्यांत राहते. नवरा रेल्वेत. स्टेशनवरच्या घोषणा घरात ऐकू येतात. आबा दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. चार दिवसांत दाढी वाढली होती. सुनंदाताईंनी मला पाणी दिलं, ओळख सांगितल्यावर त्यांचा चेहरा बदलला आणि त्या आत गेल्या. आतून गॅसवर भाकरी भाजल्याचा वास येत होता.

"आबा, माझं चुकलं," मी म्हणाले. "मला माफ करा."

"तुजं काय चुकलं?" आतापर्यंत मी ताई होते, तुम्ही होते. आज पहिल्यांदा ते माझ्याशी एकेरीत बोलले. "खोटं मांडलं न्हाईस तू, पोरी. खरंच मांडलं. पर आता ते खरं घिऊन म्या कुटं बसू, सांग."

एक गाडी धडधडत गेली. ती जाईपर्यंत ते थांबले.

"हितं बसल्या जागी गरम ताट येतं. जावई चांगला हाय. पर लेकीच्या दारात बसून खायाचं म्हंजी घास फिरतो तोंडात. तिकडं फाटकी भाकरी व्हती, पर माझ्या दारात व्हती."

"मी गावात येते. सगळ्यांसमोर सांगते की तुमचं घर एकच आहे."

"नगं. तू आजून काय मांडू नगंस." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुजा त्यो कागद तिकडं विलायतेत जानार ना?"

"हो."

"मग त्याच्यावर एकच ठेव. तिकडच्या मान्सांना तरी कळू दे, आबाच्या घराला एकच चूल हाय."

मी हो म्हणाले. सुनंदाताईंनी आतून ताट आणलं, आबांपुढे ठेवलं. मला जेव म्हणाल्या नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातात धरून रुळांकडे बघत राहिले. मी निघाले तेव्हाही तो हातातच होता.

इंग्लंडला परतल्याला आता तीन महिने झाले. इथे वसतिगृहात आम्हा सहा जणींना एक स्वयंपाकघर आहे आणि सहाही जणी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या भांड्यात, एकट्यापुरतं शिजवतो. कुणाला त्यात काही वाटत नाही. प्रबंध दिला. त्यातल्या नकाशात आबांच्या घराला एकच ठिपका आहे. फोटो मी जोडला नाही. सोबत एक छापील फॉर्म भरायचा होता, त्यात एक प्रश्न होता: या अभ्यासामुळे कुणाला इजा झाली का? पुढे दोन चौकटी. मी बराच वेळ पेन धरून बसले आणि 'नाही'वर खूण केली. हो लिहिलं असतं तर हे सगळं पुन्हा चारचौघांत मांडावं लागलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण भीती होती.

काल टीचरचा फोन आला. मीच गावची चौकशी करायला सांगितली होती.

"मंगलनं गोठ्यामागची चूल मोडली," त्या म्हणाल्या. "दगड नदीत टाकले. भिंतीला चुना दिला, जमीन सारवून घेतली. तिथं चूल होती हे सांगून खरं वाटणार नाही."

"आणि आबा?"

"दौंडलाच आहेत."

फोन ठेवल्यावर मी प्रबंध उघडून ते पान काढलं. नकाशात आबांचं घर आहे, घरात एक हळदीचा ठिपका आहे. लिहिलं तेव्हा ते खोटं होतं. आता त्या घराला खरोखरच एक चूल आहे, आणि माझ्या नकाशात चूक अशी एकही उरलेली नाही.