थोरलीच्या हातचं मीठ

धाकटीच्या टॉफीचं गल्लीभर नाव होतं, पण खरं सांगायचं तर ती टॉफी तिच्या एकटीची कधी नव्हतीच. पाक धाकटीचा आणि मीठ तिच्या जाऊबाईंचं, थोरलीचं. सव्वीस वर्षं हेच चाललेलं. साखर-लोण्याचा पाक चौकोनी ताटात ओतला की पसरायलाच दोन्ही हात लागतात, आणि मीठ पडायला हवं नेमकं त्याच मिनिटात. आधी टाकलं तर विरघळतं, उशीर झाला तर चिकटतच नाही, घरंगळतं. म्हणून धाकटी पसरायची आणि थोरली पाठोपाठ जाडं मीठ पेरत जायची. थोरली डावखुरी. उजव्या कडेपासून सुरुवात करायची आणि डाव्या कोपऱ्याशी येईस्तोवर तिची चिमूट संपायची. तो कोपरा कायम कोरा.

आता दोन बायका एका ओट्याशी म्हटल्यावर भांड्याला भांडं लागणारच. पण त्या दुपारी धाकटी चार गिऱ्हाइकांदेखत बोलली, "जाऊबाई, हात जड झालाय तुमचा. तोंडात धरवत नाही." जिभेला काय, हाड थोडंच असतं. थोरलीने बरणीचं झाकण लावलं, हात धुतले. "बरं, तूच बघ आता," म्हणाली आणि खोलीत गेली. एकोणीस दिवसांनी झोपेतच गेली. त्या एकोणीस दिवसांत माफी रोज धाकटीच्या ओठांवर आली आणि रोज तिने ती गिळली. मेला अहंकार, दुसरं काय.

महिन्याभराने तिने पुन्हा पातेलं चढवलं. मीठ टाकायचं नाही, नुसती गोड टॉफी करायची, असं ठरवूनच. पाक पसरला, पातेलं मोरीत ठेवायला वळली, परत आली तर ताटभर मीठ. डावा कोपरा तेवढा कोरा.

"सवयीने तुम्हीच टाकलं असेल, आई," सून म्हणाली.

"टाकलं असेल बाई."

दुसऱ्या दिवशी सून मिठाची बरणी मांडीवर घेऊन दारात बसली. भर दुपार, लख्ख उजेड. धाकटी पसरत होती आणि तिच्या हातामागून बारीक टिकटिक ऐकू यायला लागली, जाडं मीठ गरम पाकावर पडताना होते तशी. सुनेने बरणीकडे पाहिलं. झाकण घट्ट होतं. संध्याकाळी ती पिशवी भरून माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "हे थांबलं की बोलवा."

थांबायचं नाव कसलं. मीठ रोज थोडं वाढतच होतं. पाचव्या दिवशी टॉफी अक्षरशः कडू लागली, शेजारणीने थुंकून टाकली. धाकटीला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा लाज जास्त. हे कोण सांगतंय आणि काय सांगतंय, ते तिला पुरतं कळत होतं.

सहाव्या दिवशी पाक उकळत असतानाच ती बोलली, ओट्याकडे बघत.

"जाऊबाई, हात जड नव्हता तुमचा. त्या दिवशी गिऱ्हाईक तुमच्या मिठाचं कौतुक करत होतं आणि माझ्या पोटात दुखलं. तुम्ही गेलात तरी मी कबूल केलं नाही. चुकलं माझं."

घरात कसलाही आवाज नव्हता. फक्त पाक रटरटत होता. तिने थेंब गार पाण्यात सोडून पाहिला, टणक गोळी झाली. पाक ताटात ओतला आणि पसरायला घेतला. कान सगळे पाठीमागे.

टिकटिक झाली नाही.

ती आणखी थोडं पसरत राहिली, उगीचच, कडेकडेने. थोरलीला यायला उशीर झाला असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग एकदम भान आलं. झटकन बरणी उघडली, चिमूट भरली, आणि हात तिथेच थांबला. किती टाकायचं ते सव्वीस वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं. अंदाजाने कसंबसं टाकलं, पण टॉफी घट्ट झाली होती. मीठ घरंगळलं, ताटाबाहेर गेलं, फरशीवर सांडलं.

तिने मधला तुकडा मोडून तोंडात टाकला. गोड होता, नुसताच गोड. तो चघळत ती खाली बसली आणि फरशीवरचं मीठ बोटाने गोळा करत राहिली.