दाभोशातले मोमो

सुदेशला ठाण्याहून आणलं ते जीपच्या मागच्या सीटवर, दोघांनी मध्ये धरून. मोमोच्या गाडीचं सामान टेम्पोत चढवताना तो पडला होता आणि डोकं रस्त्यावर आपटलं होतं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, बाकीचं हळूहळू बघू. हळूहळू काहीच झालं नाही. दाभोशाच्या घरात कुडाला पाठ टेकून तो बसायचा. भरवलं की खायचा, उठवलं की उठायचा. बोलायचा मात्र नाही. बायको समोर आली काय, आई समोर आली काय, नजर सारखीच.

वर्षालीचा संसार तसा फोनवरच झाला होता. लग्न झालं आणि सुदेश ठाण्याला गेला. ती इथंच, कुणाच्या लावणीला, कुणाच्या बांधावर. होळीला तो यायचा, रंगपंचमी झाली की जायचा. त्याची आई, गोदी म्हातारी, अभिमानानं सांगायची, "माझा पोर वीटभट्टीवर नाय राबत. सावलीत हाय."

गाडीवर त्याच्यासोबत असणाऱ्या देवानंदचा एक दिवस फोन आला. "वहिनी, त्याच्या हातात पारी देऊन बघा. बोलता बोलता, न बघता मोमो वळायचा तो. डोकं विसरलं तरी हात विसरायचा नाही."

वर्षालीनं मोमो खाल्ला नव्हता, पाहिलाही नव्हता. देवानंदनं सगळं समजावलं. ती जव्हारला जाऊन मैदा आणि कोबी घेऊन आली. मैदा घट्ट मळून ओल्या फडक्याखाली ठेवला. कोबी बारीक चिरला, मीठ लावून पिळला, त्यात आलं-लसूण घातलं. घरात पोळपाट नव्हता. भाकरी हातावरच व्हायची. तिनं ताट पालथं घातलं आणि स्टीलच्या पेल्यानं पाऱ्या लाटल्या. कुठं जाड, कुठं फाटलेल्या. चुलीवर टोपात पाणी उकळत होतं, त्यावर तेल लावलेली चाळणी. पहिला मोमो वळताना चुण्या पडेनात. सारण बाहेर आलं. तिनं तसाच दाबून बंद केला.

सुदेश बघत होता. ताटाकडे बघत होता, हे तिला उशिरा कळलं.

तिनं एक पारी त्याच्या तळहातावर ठेवली. आधी तो नुसता बसून राहिला. मग त्याचा अंगठा हलला. दुसऱ्या हातानं त्यानं सारण उचललं, नेमकं तेवढंच, आणि कडेनं चुण्या घालत पारी फिरवली. मोमो बंद झाला. त्यानं तो चाळणीत ठेवला आणि पुढच्या पारीसाठी हात पुढं केला.

वर्षालीनं पुढची पारी दिली. ती लाटत राहिली, तो वळत राहिला. चाळणी भरली, झाकण बसलं. वाफ सुटल्यावर तिनं झाकण काढलं तेव्हा सुदेशनं मान वर केली आणि सरळ तिच्याकडे बघितलं. घरी आणल्यापासून पहिल्यांदाच.

"मॅडम, स्टीम या फ्राय?"

आवाज स्वच्छ होता, त्याचाच होता. हे शब्द तिच्या ओळखीचे होते. संध्याकाळी फोन केला की बोलता बोलता तो मध्येच थांबायचा, कुणाला तरी हेच विचारायचा आणि मग म्हणायचा, हां, बोल.

आता ती थांबली. तो "हां, बोल" म्हणेल म्हणून.

"अरे, मी वर्षाली," ती म्हणाली.

"स्टीम या फ्राय?"

आवाज ऐकून गोदी धडपडत आत आली. "बोलला? काय बोलला गं?"

म्हातारीच्या तोंडाकडे बघून वर्षाली म्हणाली, "माझं नाव घेतलं."

तिथंच चुकलं. त्या दिवसापासून गोदी कामाला जाईना. लेकासमोर बसून राहायची. "माझं बी नाव घे रं. आये म्हण." तो कुडासारखा गप्प. ती जेवायची नाही, भाकर तशीच वाळायची. "तुला वळखलं, मला का नाय वळखत?" असं सुनेला विचारायची आणि रडायची. वर्षालीनं मैद्याचा डबा माळ्यावर टाकला होता. तो प्रश्न पुन्हा ऐकायची तिच्यात ताकद नव्हती.

पण म्हातारी खंगायला लागली. एका सकाळी तीच म्हणाली, "तू ते करत होतीस तवा तो बोलला. परत कर. माझ्यासाठी कर."

वर्षालीनं डबा काढला. मैद्यात टोके झाले होते, तो चाळून घेतला. सुदेश तसाच वळत गेला, एकासारखा एक. वाफ निघाली तेव्हा गोदी त्याच्या अगदी समोर गुडघे टेकून बसली होती. त्यानं तिच्याकडे बघितलं.

"मॅडम, स्टीम या फ्राय?"

गोदीला ठाण्याची हिंदी कळत नव्हती. तिनं सुनेकडे वळून विचारलं, "काय म्हणतो?"

वर्षाली चुलीतलं लाकूड मागं ओढत राहिली. मग म्हणाली, "आये, तू जेवलीस का, असं विचारतो."

गोदीनं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला. "जेवले रं बाळा. पोटभर जेवले."

सुदेश तिच्या खांद्यावरून मागं, पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघत होता.