दोन किलवरचा प्रश्न

सुभद्राबाईंच्या तोंडाला लगाम नाही, हे चिखलीतल्या त्यांच्या गल्लीत कुणालाही विचारा. भाजीवाला काय, गॅसवाला काय, सगळे त्यांना वचकून. पण भांडायला हक्काचा माणूस एकच, त्यांचा नवरा. भगवंतराव नांदुरा स्टेशनवर तिकीट खिडकीत होते. तिथल्याच एका बाबूंकडून ब्रिज शिकले आणि रिटायर होऊन चिखलीला आले ते पत्त्यांचे कॅट घेऊनच. त्या पत्त्यांवरून बाई उभा जन्म भांडल्या. भगवंतरावही काही कमी नव्हते, शब्दाला शब्द द्यायचे. संसार अगदी मजेत चालला होता म्हणा ना!

आणि यंदा उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. मान तेवढी राहिली, आणि ती मेली एकाच दिशेने हलायची. चहा घेता? हो. नको का? तरी हो. एकदा वैतागून बाई म्हणाल्या, "विहिरीत ढकलू का तुमाले?" त्यालाही हो! बाई आधी हसल्या, मग मोरीत गेल्या आणि नळ सोडून रडल्या. यांना कितपत समजतं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. हात बरा नाही झाला तरी चालेल, पण समोर बसलेला माणूस आपलाच आहे की नुसतं त्याचं अंग उरलंय, एवढं बाईंना कळायला हवं होतं.

पोळा झाल्यावर एका दुपारी अमडापूरहून उत्तमराव आले. हे भगवंतरावांचे ब्रिजमधले जोडीदार. घरची शेती सांभाळून वर्षानुवर्षं खेळायला येणारा माणूस, पण दुखण्यात एकदा तोंड दाखवून जो गेला तो फिरकलाच नव्हता.

"आता काऊन आले भाऊजी?" बाई दारातच कडाडल्या. "एकदम तेरवीलेच यायचं ना!"

"पाहवत नव्हतं हो वहिनी मले त्याच्याकडं," उत्तमराव खाली मान घालून म्हणाले. मग ते बाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि हळू आवाजात बोलू लागले. "त्याले सगळे असंच इचारतात, की त्यानं मान हलवली का झालं. मी त्याले असं इचारतो, ज्याले मान हलवून भागत नाई."

"म्हणजे काय बाप्पा?"

"आमच्या खेळात तो 'एक नोट्रम्प' बोलला, म्हणजे त्याचा हात भारी आहे अन् चारी रंग जवळपास सारखे आहेत. मग मी 'दोन किलवर' बोलतो. त्याचा किलवरशी काई संबंध नाई. तो सवाल असतो. बदामाचे नाई तर इस्पिकचे चार पत्ते आहेत का तुह्याजवळ? असले तर त्यानं तो रंग बोलायचा, नसले तर 'दोन चौकट'. दोघांचे मिळून आठ झाले का तोच रंग हुकूम करायचा. हे ज्याले समजत नाई, त्याले जवाब सुचूच शकत नाई."

बाईंनी उतू चाललेला चहा तसाच उतरवला.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर उत्तमरावांनी सगळ्या बोल्या लिहून आणल्या होत्या. त्या चिठ्ठ्या त्यांनी भगवंतरावांच्या डाव्या हाताशी मांडल्या. दोघांपुरतेच पत्ते वाटले. नुसत्या बोल्यांचा असा सराव ते पूर्वीही करत. भगवंतरावांचे तेरा पत्ते बाईंनी त्यांच्या तोंडासमोर पंख्यासारखे धरले. ज्या पत्त्यांना जन्मभर सवत म्हटलं, तेच आता हातात!

पहिल्या डावाला त्यांनी 'पास'ची चिठ्ठी सरकवली. उत्तमरावांनी पत्ते पाहिले. "बरोबर आहे, रद्दी हात आहे. बोली नको असली का पास." दुसऱ्यांदाही पासच. बाई हिरमुसल्या. 'पास' हाताशी सगळ्यांत जवळ होती, कुणीही तीच उचलली असती.

तिसऱ्यांदा मात्र हात पुढे गेला, रेंगाळला, आणि 'एक नोट्रम्प'ची चिठ्ठी पुढे आली. उत्तमरावांनी 'दोन किलवर' समोर ठेवली.

भगवंतरावांनी मान हलवली. हो.

बाईंनी आधीच पाहून ठेवलं होतं, बदामाचे चार पत्ते होते. पत्ते सटकायला लागले, पडतील म्हणून त्यांनी मूठ आवळली. तोवर नवऱ्याचा हात 'दोन चौकट'वर जाऊन थांबला होता. चुकलं! सांगावं का? नुसतं खाकरावं का? छे, मग त्या उत्तराला काय अर्थ उरला?

भगवंतराव चिठ्ठी उचलीनात. ते पुन्हा पत्त्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात वर आणला आणि बाईंचा अंगठा हळूच बाजूला सारला. त्याखाली बदामाची राणी दडली होती. मूठ आवळताना बाईंनीच ती झाकली होती. तेरातला एक पत्ता दिसत नाही, हे त्या माणसाला कळलं होतं! तो हात परत चिठ्ठ्यांकडे गेला आणि 'दोन बदाम' उचलून समोर ठेवली.

"चार बदाम!" उत्तमराव जवळजवळ ओरडलेच. "माह्याजवळही चार आहेत बे, भगवंता! आठ झाले!" आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले.

बाईंनी पत्ते खाली ठेवले. अंगठ्यावर त्या बोटांचा स्पर्श अजून तसाच होता. आणि मग त्यांना आठवलं, या माणसासमोर आपण काय काय बोललो ते. त्या शरमल्या, आणि शरमल्या की त्यांचा आवाज चढतो.

"म्हणजे सारं समजत व्हतं तुमाले? इतके दिवस?"

मान हलली. हो.

"त्या मानेचं मले सांगू नका!" बाईंनी चिठ्ठ्या गोळा करून त्यांच्या हाताजवळ सरकवल्या. डोळे वाहत होते, तरी दम देणं चालूच. "आता नीट सांगा. विहिरीत ढकलू का?"

मान सवयीने हलली, पण तिकडे कुणी पाहिलंच नाही. डावा हात चिठ्ठ्यांमधून फिरला. अर्धं तोंड हसत होतं. भगवंतरावांनी एक चिठ्ठी शोधून काढली आणि बायकोच्या तळहातावर ठेवली.

पास.